नावावर ठेवलेला तळहात

१

नवरी जशी हसत होती तशीच हसत होती. तिच्या शेजारी नवरा हातात बूट धरून अनवाणी उभा होता, तोही शाबूत होता. फक्त दोघांच्या मागे, वरच्या उजव्या अंगाला, फोटोला वीतभर भोक पडलं होतं आणि त्यातून पाठीमागची फळी दिसत होती.

"काल संध्याकाळी कुलूप लावलं, आज सकाळी उघडलं तर हे," स्मारकाचा व्यवस्थापक देओग्राशियास म्हणाला. "उद्या स्मरणदिन. बिशप येणार, दारेसलामहून टीव्हीवाले येणार. पोलिसात गेलो तर दुपारपर्यंत गावभर होईल, अफांदे. म्हणून तुम्हाला बोलावलं."

लिओकाडिया केमिलेम्बेला पोलिसातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कान्यागेरेत लहानथोर सगळे तिला अजून अफांदे, म्हणजे साहेबच, म्हणत. तिने चष्मा लावला, पण लगेच फोटोजवळ गेली नाही. आधी दालनात एक चक्कर मारली.

'नुरु' बोट किनाऱ्यावरून दिसेल इतक्या जवळ बुडाली त्याला बावीस वर्षं झाली होती. बुडालेल्यांच्या नावांची लांबलचक दगडी भिंत सरोवराकडे तोंड करून बाहेर उभी होती. न्येमो नावाची एक पोरगी दोडोमाहून येऊन वर्षभर त्या भिंतीसमोर कॅमेरा घेऊन बसली होती. तिने भिंतीचे फोटो काढले नाहीत. भिंतीपाशी येणारी माणसं तिथे कशी वागतात त्याचे काढले. नावांना टेकून शेंगा सोलणारा माणूस. ओठांचा चंबू करून स्वतःचेच फोटो काढणाऱ्या पोरी. शाळेची सहल आणून सावलीत घोरत पडलेला मास्तर. ते सगळे आता पुरुषभर उंचीचे होऊन दालनात टांगले होते आणि उद्या त्यांचं प्रदर्शन उघडायचं होतं.

पाचव्या की सहाव्या फोटोपाशी लिओकाडिया थबकली. तिथे ती स्वतः होती. भिंतीला पाठ लावून, तोंडाचा आ वासून जांभई देत. खांद्याच्या वर सलापियाचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. सलापिया तिची धाकटी बहीण. लिओकाडियाचे कान तापले. मागे देओग्राशियास उभा आहे हे तिला आठवलं, आणि ती काही न पाहिल्यासारखं करून पुढे सरकली.

कापलेला फोटो तिने बारकाईने पाहिला. पातं झर्रकन फिरवलेलं नव्हतं. नवरीच्या डोक्यावरच्या जाळीच्या कडेकडेने, तिला धक्का न लावता, सावकाश वळवलेलं होतं. कामगार फोटोंच्या कडा ज्या पात्याने कापत होते ते खळीच्या डब्यावर नीट ठेवलेलं होतं. कापलेला तुकडा कचऱ्यात नव्हता, बाहेर कुठे जळल्याची राख नव्हती. कुलूप फोडलेलं नव्हतं; किल्ल्या दोनच, एक देओग्राशियासकडे आणि एक न्येमोकडे. खिडकीच्या कट्ट्यावर एक किटली आणि तळाशी चहा सुकलेले ग्लास होते.

तेवढ्यात न्येमो बगलेत लॅपटॉप घेऊन आली. डोळे सुजलेले होते.

"मूळ फोटो माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "रात्रीत दुसरा छापून टांगता येईल. पण मला एक कळत नाहीये. जिथे कापलंय तिथे कोणी नव्हतंच."

"कोणीच नाही?"

"म्हणजे एक म्हातारा होता. ओळखीचा ना पाळखीचा."

२

संशय घ्यायला माणसं होती. पहिला खुद्द देओग्राशियास. हे प्रदर्शन त्याला कधीच रुचलं नव्हतं. लोक इथे रडायला येतात, त्यांची टिंगल करायला नाही, असं तो समितीपुढे बोलला होता आणि हरला होता. पण स्वतः बिशपला आमंत्रण देऊन स्वतःचंच नाक कापून घेणारा माणूस तो नव्हता, आणि तसं करायचं असतं तर त्याने म्हाताऱ्याला कशाला कापलं असतं?

दुसरी न्येमो. फोटो कापला गेला की बातमी होते, बातमी झाली की गर्दी होते. लिओकाडियाने तिला सरळच विचारलं. पोरगी रागावली नाही. सकाळी भोक पाहिल्यावर पहिला विचार हाच आला होता, म्हणाली, की बरं झालं, आता लोक येतील. मग खाली बघून म्हणाली की हे सांगायची तिला लाज वाटते.

तिसरा संशयित फोटोतला नवरा, फिडेलिस. त्याचं कारण तर गावाला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी न्येमोने हा एक फोटो आधीच लोकांना दाखवला होता, खाली दोनच शब्द लिहून: 'लग्नाचा अल्बम'. तो या फोनवरून त्या फोनवर फिरला. मेलेल्यांच्या उरावर नाचणारी सटवी, इथपासून सुरुवात झाली. बाजारात मासळीवाल्या बायकांनी नवरीला पाठ दाखवली. फिडेलिस दालनात येऊन न्येमोला हातपाय मोडायची धमकी देऊन गेला होता.

लिओकाडिया त्यांच्या घरी गेली तेव्हा फिडेलिस केळीची साल काढत बसला होता. त्याने सुरी खाली ठेवली नाही.

"मी कापलं असतं तर हिचं तोंड कापून आणलं असतं," तो म्हणाला. "जाळत बसलो असतो चुलीत. मागचा म्हातारा घेऊन मी काय करू, अफांदे?"

हे खरं होतं. ज्याने कापलं त्याला नवरीबद्दल राग नव्हता, जपूनच कापलं होतं.

जोविना आतून बाहेर आली. पाहुणीपुढे रीतीप्रमाणे वाळवलेल्या कॉफीच्या बिया ठेवल्या आणि भिंतीला टेकून उभी राहिली. ती 'नुरु'वरची वाचलेली पोर होती. तेव्हा जेमतेम पाच वर्षांची, आजोबांबरोबर निघालेली. कैजागे नावाच्या खलाशाने स्वतःच्या अंगातलं तरंगतं जाकीट तिला घातलं आणि तो बुडाला, ही गोष्ट कान्यागेरेतलं शेंबडं पोरही सांगे. शाळेत त्याच्यावर गाणं होतं.

"मी दरवर्षी त्याच्या नावाला भेटते," जोविना म्हणाली. "लग्नाच्या दिवशी जाणार नाही तर कधी जाणार? बाप नाही मला. त्यालाच नवरा दाखवायला नेला होता. आणि हसले म्हणता, तर हो, हसले. आनंद झाला होता मला."

"तुम्ही त्या दिवशी तिथे येणार हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना. रेडिओवर सांगत होते आठवडाभर. 'नुरु'ची लेक भिंतीपुढे लग्नाला उभी राहणार म्हणून."

निघताना जोविनाने विचारलं, ती फोटोवाली मुलगी काय म्हणते. लिओकाडियाने खरं ते सांगितलं. नवरी कोण हे न्येमोला माहीतच नव्हतं. तिने कधी विचारलं नव्हतं.

३

"मोठा कर," लिओकाडिया म्हणाली.

न्येमोने पडद्यावरचा फोटो ताणला. म्हातारा भिंतीकडे तोंड करून उभा होता. टोपी मागे ढकललेली, दंडाला निळ्या जाळीत बांधलेलं सुक्या 'डागा' मासळीचं बोचकं. सरोवरातली ती बारीक मासळी अशी जाळीत बांधून आणतात ते लांबच्या बेटांवरचे लोक. उजवा हात भिंतीवर. मान मात्र वळवून तो दुसरीकडे पाहत होता.

"आता बाकीचे दाखव. भिंतीला हात लावणारे सगळे."

न्येमोने वर्षभराचे फोटो पडद्यावर आणले. एक बाई बोटाच्या टोकाने अक्षर न् अक्षर गिरवत होती. एकजण थुंकीने बोट ओलं करून नावावरची धूळ पुसत होता. कोणी कपाळ टेकवलं होतं. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण नाव प्रत्येकाने उघडं ठेवलं होतं. ते वाचायलाच तर ते आले होते. या म्हाताऱ्याने मात्र पुरा तळहात पसरून नाव झाकलं होतं.

"कोणतं नाव आहे ते?"

देओग्राशियासला भिंत पाठ होती. वर कागारुकी, खाली काजुमुलो. मध्ये एकच. "कैजागे," तो म्हणाला आणि चमकला. "कैजागेचा कोण वैरी असणार, अफांदे? देवमाणूस तो."

"वैरी असता तर नावाकडे बघून थुंकला असता. हा बघतोय कुठे?"

तिघांनी पाहिलं. म्हाताऱ्याची नजर नवरीवर होती. तो नवरीसाठी आला होता, रेडिओवर ऐकून आला होता, आणि कैजागेचं नाव तिला दिसू नये असा हात धरून उभा होता. किंवा त्याला स्वतःलाच ते बघवत नव्हतं.

लिओकाडियाचं लक्ष खिडकीकडे गेलं.

"हे ग्लास कोणाचे?"

"अनातोलियाबाईंचे," न्येमो म्हणाली. "काल संध्याकाळी काम आटोपल्यावर कामगारांना चहा घेऊन आल्या होत्या. आम्ही बाहेर व्हरांड्यात प्यायलो, त्या फोटो बघत आत थांबल्या. मग अंधारात तसंच कुलूप लावलं. रात्री परत चहा हवा होता तर टपरी बंद. अंगात कणकण आहे म्हणाल्या."

अनातोलियाचा एक ग्लास हरवला तर ती तो शोधायला बाजारापर्यंत जाई. काल ती सगळे ग्लास आणि किटली टाकून गेली होती. आणि अनातोलिया कैजागेची बायको होती.

लिओकाडिया उठली. चष्मा टेबलावरच राहिला.

४

टपरी स्मारकाच्या फाटकापाशी. फळ्या लावलेल्या होत्या, आत चूल थंड होती आणि अनातोलिया बाकावर बसून होती. दर स्मरणदिनाला पहिल्या रांगेतली पहिली खुर्ची तिची. बिशप आधी तिच्याशी हात मिळवत, मग मंत्र्याशी.

"तुकडा दे, ताई," लिओकाडिया म्हणाली. वयाने अनातोलिया मोठी होती.

अनातोलियाने नाही म्हटलं नाही. पोलक्यातून रुमाल काढला, रुमालातून तुकडा. एका कडेला तो किंचित करपला होता.

"काडी लावली होती," ती म्हणाली. "मग विझवली. म्हातारपणीचा एवढा एकच आहे माझ्याकडे."

"नक्की तोच?"

"दुसऱ्यांना तोंड बघावं लागतं. बायकोला मान पुरते."

मग तिने तुकडा लिओकाडियाच्या हातात दिला. लिओकाडिया समोरच्या बाकावर बसली.

"एवढ्या मोठ्या फोटोत ओळखलं. प्रत्यक्षात नाही ओळखलं," अनातोलिया म्हणाली. "हे कोणाला सांगू? तो इथेच बसला होता, तू बसलीस तिथे. लग्नाची गर्दी होती, मी मान वर केली नाही. चहा दिला. सवयीने विचारलं, लांबून आलात का. मान हलवली. मग मी ती गोष्ट सांगितली. सगळ्या नवख्यांना सांगते तशी. जाकीट काढलं, पोरीला घातलं, माझा नवरा तो. जा आत, म्हटलं, नाव बघा, हात लावा, पुण्य लागेल. त्याने सगळं ऐकलं, अफांदे. शेवटपर्यंत. चहाबद्दल मूठभर डागा ठेवला आणि आत गेला."

तिने पदराने तोंड झाकलं.

"तो जिवंत आहे याचा आनंद व्हायला हवा होता ना मला? काल फोटोपुढे उभी राहिले आणि पहिलं मनात काय आलं सांगू? उद्या माझी खुर्ची जाईल."

तिने कोणालाही काही सांगितलं नव्हतं. न्येमोच्या लॅपटॉपमध्ये मूळ फोटो असतो हेही तिला ठाऊक नव्हतं. लिओकाडियाने तुकडा परत तिच्या हातात दिला आणि विचारलं, सोबत येतेस का त्याला शोधायला. अनातोलिया नाही म्हणाली. काय बोलू त्याच्याशी, म्हणाली.

५

धक्क्यावर निळ्या जाळीचं बोचकं घेतलेल्या म्हाताऱ्याला आणणारा नावाडी सहज सापडला. दुपारच्या उन्हात त्याने लिओकाडियाला बुमेरा बेटावर सोडलं. तिथल्या कोळ्यांच्या छावणीत त्या म्हाताऱ्याला सगळे 'पाहुणा' म्हणत; बावीस वर्षं राहूनही त्याचं तेच नाव होतं.

तो वाळूवर पसरलेला डागा उलटत होता. अफांदे म्हणून तिने ओळख दिली तेव्हा त्याने पळायचा प्रयत्न केला नाही. हात धुऊन समोर उभा राहिला, शाळेत मार खायला उभं राहतात तसा.

"जाकीट पोरीला घातलं ते खरं आहे," तो म्हणाला. "लोकांनी ते खोटं रचलं नाही. पण त्याच्या आधीचं कोणाला माहीत नाही."

लिओकाडिया उभीच राहिली.

"खालच्या मजल्याचं दार मी लावलं होतं. बाहेरून. कप्तान म्हणाला, तिकिटं तपासेपर्यंत खालची माणसं वर येऊ देऊ नकोस. कुलूप घातलं, किल्ली कमरेला. बोट कलली तेव्हा जिना माझ्यापासून चार पावलांवर होता. मी वर गेलो."

चौकशीत दार अडकलं असं लिहिलं होतं. लाकूड फुगलं, पाण्याच्या दाबाने बसलं. लिओकाडियाने तो अहवाल इतक्यांदा वाचला होता की तिला तो तोंडपाठ होता. सलापिया खालच्या मजल्यावर होती.

किनाऱ्याला लागल्यावर तो झुडपात दोन दिवस पडून होता, म्हणाला. तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी रेडिओवर स्वतःचं नाव ऐकलं. आधी वाटलं, पकडायला शोधताहेत. मग कळलं, आपलं कौतुक चाललंय. त्यानंतर परत जायचं म्हणजे दोनदा मरायचं होतं.

लिओकाडियाला एकच प्रश्न विचारायचा होता. बावीस वर्षं विचारायचा होता, दाराला, पाण्याला, कोणालाही. आता उत्तर देणारा समोर उभा होता आणि तिची जीभ उचलेना. पोलिसात असताना तिने दरोडेखोरांना बोलतं केलं होतं. आज उत्तर ऐकायला ती घाबरली, आणि हे तिचं तिला कळलं.

"उद्या स्मरणदिन आहे," ती एवढंच म्हणाली. "मी तुम्हाला बांधून नेऊ शकत नाही. आला नाहीत तर मी सांगेन. पण तुमचं तुम्ही सांगितलेलं बरं."

६

तो सकाळच्या पहिल्या बोटीने आला.

न्येमोने फोटो नव्याने छापला नव्हता. 'लग्नाचा अल्बम' ही पाटी काढली होती आणि दालनाला कुलूप घातलं होतं. आज नको, एवढंच तिने देओग्राशियासला सांगितलं. अनातोलिया पहिल्या खुर्चीवर बसली नाही. मागे बायकांत उभी राहिली. प्रार्थना झाली, बिशपचं झालं, मग लिओकाडिया त्या म्हाताऱ्याला घेऊन भिंतीपुढे गेली आणि बाजूला झाली.

त्याने आधी स्वतःचं नाव सांगितलं. पुढच्या रांगेतून हसण्याचा एक आवाज आला आणि तिथेच विरला, कारण मागच्या म्हाताऱ्यांपैकी दोघाचौघांनी त्याला ओळखलं होतं. मग सांगत सांगत तो कुलपापर्यंत आला. जमावातून कोणी धावून गेलं नाही. दगड उचलला नाही. माणसं फक्त इकडेतिकडे बघू लागली. गाणं म्हणायला उभी केलेली शाळेची मुलं बाईंकडे बघत होती आणि बाई जमिनीकडे.

शेवटी काठी टेकत एक म्हातारा पुढे आला. त्याचे दोन मुलगे त्या भिंतीवर होते. लिओकाडियाला जे विचारता आलं नव्हतं ते त्याने विचारलं.

"आतून दार ठोठावत होते का?"

"हो," कैजागे म्हणाला.

मग, कोणी विचारलं नसताना, त्याने उरलेलं सांगितलं. वर चढून तो बोटीच्या बाहेरच्या अंगाने सरकत होता. खालच्या मजल्याची एक गोल खिडकी अजून पाण्यावर होती. त्यातून दोन हात बाहेर आले. हातांत एक मूल होतं. बाईचे हात होते. त्याने मूल घेतलं, जाकीट काढून त्याला घातलं.

"हात परत आत गेले," तो म्हणाला. "दुसरं आणायला गेले असणार. मी थांबलो नाही."

जोविनाने फिडेलिसचा दंड धरला. आयुष्यभर ती ज्या नावाला भेटत आली होती ते नाव तिच्यासमोर उभं होतं, आणि जिला भेटायला हवं होतं तिचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. खालच्या मजल्यावर बायकाच जास्त होत्या.

तेव्हा मागून एका बाईचा आवाज आला, अगदी हळू. "हातात बांगडी होती का हो? पितळेची?"

"बोटात अंगठी होती का?" दुसरी कोणीतरी म्हणाली.

"तिचं एक बोट वाकडं होतं. करंगळी. माझ्या आईचं."

बघता बघता लोक पुढे सरकले. राग कुठे गेला कोण जाणे. प्रत्येकाला तेवढंच हवं होतं. उजळ होते की काळे, मेंदीचे की कोरडे, तरुण की सुरकुतलेले. कैजागे एकेकाकडे बघत मान हलवत राहिला.

"मी बघितलं नाही," तो म्हणत होता. "मला माफ करा. मी हातांकडे बघितलंच नाही. मूल घेतलं आणि तोंड फिरवलं."

सलापियाच्या डाव्या मनगटावर कॉफी भाजताना पोळल्याचा डाग होता, बी एवढा. लिओकाडिया त्याच्यापासून हाताच्या अंतरावर उभी होती. तिने तोंड उघडलं. मग तिने त्या सगळ्या चेहऱ्यांकडे पाहिलं, जे अजून आपली पाळी यायची वाट बघत होते, आणि काही न विचारता ती त्यांना वाट देऊन मागे सरली.